खुर्चीपंथी साक्षगंध

प्रवचन आटोपून महाराज जीपमध्ये बसून केव्हाच धारणीच्या रस्त्याला लागले होते, तरी रांग हटायचं नाव घेत नव्हती. स्टेजवर महाराजांची ती मखमली खुर्ची रिकामी पडलेली, आणि माणसं एकामागून एक येऊन तिच्या हातांवर डोकं टेकवत होती. एका बाईंनी तर खुर्चीलाच विचारलं, "महाराज, पोट्टा पास होईल न?"

खुर्ची आमची होती. परतवाड्यात कडू बिछायत केंद्र म्हणजे माझे बाबा, भाऊराव कडू. मांडव, गाद्या, खुर्च्या, स्वयंपाकाचे मोठे गंज, सगळं भाड्याने मिळायचं. बाबांना तो मांडव उतरवून दुसऱ्या गावच्या लग्नाला न्यायचा होता आणि ते स्टेजखाली हात जोडून उभे होते.

"बाई, महाराज गेले न आता."

"जाऊ द्या न भाऊ. खुर्ची तं आहे," बाई म्हणाल्या आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

माझ्या शेजारी पुरू धर्माळे होता. पुरुषोत्तम. माझ्याच वर्गातला, अचलपूरचा, आणि प्रवचनाला फक्त बुंदीसाठी आलेला. तो एकदम गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मंजू, या बाईनं केवढा शोध लावला पाहा. महाराज नसले तरी चालतं. खुर्ची पाहिजे."

तिथून आमचा धर्म निघाला. त्याला आम्ही खुर्चीपंथ म्हणायचो.

लग्नांचा हंगाम संपला की आमच्या गोडाऊनमध्ये खुर्च्यांचे ढीग छताला लागायचे. त्यातच एक लाल प्लास्टिकची खुर्ची होती, एक पाय अर्धा उडालेली. तिला फरशीच्या तुकड्याचा टेकू दिला, झेंडूची माळ घातली आणि नाव ठेवलं चारपाय महाराज. इरफान, ज्याच्या वडिलांचा माइकसेट होता, त्याने आरती रचली. "चार पाय, दोन हात, डोकं नाही म्हणून शांत!" एवढीच. ती आम्ही टाळ्या वाजवून दहा वेळा म्हणायचो आणि वर आलुबोंड्याचा प्रसाद.

पंथात देवाचं दर्शन म्हणजे देवावर बसणं. छाया तायडे पहिल्या दिवशी जरा घाबरली. "देवावर बसायचं? पाप लागंल बाप्पा."

"देवाला विचारून पाहा," पुरू म्हणाला. "त्याची काही हरकत दिसत नाही."

नियमही होते. पंथातला माणूस भेटला की एकाने म्हणायचं "बसा!" आणि दुसऱ्याने म्हणायचं "बसलो!" भांडायचं ते बसून, उभ्याने भांडलं तर प्रायश्चित्त म्हणून सगळ्यांचा चहा. हा नियम आम्ही थट्टेत केला होता, पण खरं सांगते, बसून भांडताच येत नाही नीट. आवाज चढतो, पण पाय साथ देत नाहीत. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की एक जरी माणूस उभा असेल तर कुणी बसायचं नाही. हा शेवटचा मी घातला होता.

बाबा कधी गोडाऊनमध्ये डोकावले की कपाळाला हात लावायचे. "अरे येड्या हो, माल आहे तो! माल! खुर्चीले कोनी ओवाळते का?" आणि जाता जाता खांद्यावरच्या फडक्याने देवाची धूळ पुसून जायचे. धूळ दिसली की त्यांना राहवायचंच नाही.

तो शेवटचा नियम मी का घातला, ते पुरूला मी फार उशिरा सांगितलं. त्याला बँकेत नोकरी लागली आणि त्याने गोडाऊनमध्येच, देवाच्या साक्षीने, मला लग्नाचं विचारलं तेव्हा.

"हो म्हणते," मी म्हटलं. "पण एक अट आहे. माझ्या लग्नात माझा बाप बसला पाहिजे."

"म्हणजे?"

"म्हणजे खुर्चीवर. पाठ टेकून. सगळ्यांच्या समोर."

तो हसला. मला असा राग आला त्याचा! मी लहानपणापासून बाबांसोबत शेकडो लग्नांना गेलेली पोरगी. मुलाकडचे सोफ्यावर, मुलाकडच्यांचे ड्रायव्हरसुद्धा खुर्चीवर, आणि मुलीचा बाप दारात, हात जोडून, सकाळपासून रात्रीपर्यंत उभा. बसला तर लोक म्हणणार, पाहा, किती माज आहे. माझ्या मोठ्या ताईच्या लग्नात बाबा असेच उभे राहिले. ताईची पाठवणी झाली तेव्हा त्यांचे पाय इतके सुजले होते की चपला चढेनात. सगळ्या तालुक्याला खुर्च्या पुरवणारा माणूस अनवाणी घरी आला. मी त्या दिवशी ताईसाठी कमी आणि त्या पायांसाठी जास्त रडले.

हे ऐकल्यावर पुरू हसायचा थांबला. घरी जाऊन त्याने वडिलांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पडलेल्या तोंडाने परत आला.

धर्माळे साहेब पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. हातात काठी, आवाज खर्जातला, आणि बोलणं शिक्का मारल्यासारखं. मुलगी त्यांना पसंत होती, घर पसंत होतं. अट मात्र पसंत नव्हती. "मुलीच्या बापाची जागा दारात," ते म्हणाले होते. "मी तीन मुलींची लग्नं केली. तिन्ही लग्नांत उभा राहिलो. मी उभा राहिलो तर कडूंना काय झालं?"

आणि इकडे आमचे बाबा! त्यांना मी सांगितलं तर तेच माझ्यावर उखडले. "व्याह्यांसमोर बसू? मी? लोक तोंडात शेन घालतील माह्या. तू चूप राह्य." आता सांगा, मी भांडू कुणाशी? ज्याच्यासाठी भांडायचं तोच उलट्या बाजूने उभा.

"सोड न ती अट," छाया म्हणाली.

"सोडणार नाही. लग्न तर दूर, साक्षगंधातही बाबा बसले नाहीत तर मी अंगठी घालणार नाही."

पुरू म्हणाला, "मग आता पंथच कामाला लावू."

साक्षगंध, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा, आमच्याच अंगणात होतं, भर एप्रिलमध्ये. हंगाम असा तापलेला की बाबा तीन गावांचे मांडव उभारून त्याच दिवशी पहाटे परतले होते. डोळे लाल, दाढीचे खुंट, कशीबशी आंघोळ करून नवा पांढरा सदरा चढवला आणि दारात जाऊन उभे राहिले. अंगणात मांडव, कनातीवर पाणी मारलेलं, दोन कूलर, खुर्च्यांच्या रांगा. इरफान माइकपाशी. आम्ही पंथवाले बारा-तेरा जण गर्दीत पसरलेले. चारपाय महाराजांनाही छायाने दाराजवळ आणून ठेवलं होतं, गादी घालून, खास बाबांसाठी.

बाबांनी ते पाहिलं मात्र. "तुटका माल पाव्हन्यांत कोनं आनला रे?" असं म्हणत त्यांनी आमचा देव एका हाताने उचलला आणि मांडवामागे भिरकावला. इथून सुरुवात.

धर्माळ्यांची मंडळी आली. बाबा प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होते. "या, या, बसा, बसा." स्टेजवर पुरूसाठी आणि माझ्यासाठी दोन खुर्च्या. पुरू आला आणि खुर्चीपाशी उभाच राहिला. मी आले, मीही उभी. खाली इरफान उभा, छाया उभी, पंथातली बाकीची पोरं उभी.

पुरूच्या मावशीने बसायला पदर सावरला, तर छाया तिच्या कानात गोड आवाजात म्हणाली, "मावशी, सगळे बसल्याशिवाय बसत नाहीत. पद्धत आहे."

मावशीला वाटलं, ही कडूंकडची पद्धत. ती उभी राहिली आणि तिने नवऱ्याला उठवलं. तिकडे माझ्या आत्याला इरफानने तेच सांगितलं. आत्याला वाटलं, ही धर्माळ्यांकडची पद्धत. आता मुलाकडच्यांची पद्धत मोडायची कशी? तिने आमच्याकडच्या सगळ्या बायका उठवल्या. पाहता पाहता सगळा मांडव उभा राहिला. इकडचे तिकडच्यांचा मान राखून, तिकडचे इकडच्यांचा. कुणी कुणाला विचारायला तयार नाही. सगळे एकमेकांकडे पाहून हसतायत आणि पदराने वारा घेतायत.

आमचा हिशोब सरळ होता. सगळे उभे आहेत असं पाहून बाबा विचारतील का म्हणून, आम्ही सांगू तुमच्यासाठी, आणि ते बसतील.

पण आम्ही हे विसरलो, की माझा बाप बिछायतवाला आहे. बिछायतवाल्याला लोक उभे दिसले की त्याच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही. खुर्च्या कमी पडल्या!

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. ते धावले गोडाऊनकडे आणि दोन्ही खांद्यांवर खुर्च्यांच्या चळती घेऊन आले. मांडल्या. लोक उभेच. पुन्हा धावले. समोरच्या रिकाम्या खुर्च्या त्यांना दिसतच नव्हत्या, त्यांना दिसत होती फक्त उभी माणसं. नवा सदरा घामाने पाठीला चिकटलेला. "माफ करा हं, आत्ता आनतो... जरा अंदाज चुकला... बसा न, साहेब, बसा न!" अंगणात चालायला वाट उरली नाही इतक्या खुर्च्या झाल्या, आणि माझा बाप अजून धावतच होता. आयुष्यभर त्यांनी एकाच गोष्टीची शान मिरवली होती, की भाऊराव कडूच्या मांडवात खुर्ची कमी पडत नाही. आणि आज पोरीच्याच साक्षगंधात, व्याह्यांसमोर!

चौथ्या खेपेला त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले. अंगठी, अट, पंथ, सगळं एका बाजूला टाकून मी स्टेजवरून ओरडले.

"बाबा! थांबा! खुर्च्या कमी नाहीत हो! तुम्ही उभे आहात म्हणून सगळे उभे आहेत!"

बाबा तिथेच थांबले, खांद्यावर चळत तशीच.

"म्हंजे मी बसलो की हे बसतीन?"

"हो."

त्यांनी चळत खाली ठेवली. फडक्याने तोंड पुसलं. आणि म्हणाले, "मंग राहू दे उभे."

आता काय बोलावं या माणसाला!

तेवढ्यात काठीचा ठक्क आवाज झाला. धर्माळे साहेब. तेही इतका वेळ मांडवातच ताटकळले होते, आणि गुडघे दुखत असल्यामुळे आधीच तापलेले. "पुरुषोत्तम! हा काय प्रकार आहे?"

पुरू स्टेजवरून खाली उतरला. घाम फुटला होता त्याला, पण बोलला. सगळं सांगितलं. पंथ, नियम, चारपाय महाराज, माझी अट. मागून इरफानने मदत म्हणून आरतीसुद्धा म्हणून दाखवली, ती नसती म्हटली तर बरं झालं असतं.

"खुर्चीचा देव," साहेब सावकाश म्हणाले. "आणि त्या देवासाठी माझी माणसं उन्हाळ्यात उभी. पोरखेळ लावलाय? मी साक्षगंधाला आलो होतो, तमाशा पाहायला नाही. गाड्या काढा रे!"

कुणीतरी खरंच गाडीकडे निघालं. मावशीने आणलेली ओटीची पिशवी उचलली. मला वाटलं, घालवलं आपण. हट्ट केला आणि सगळं घालवलं. बाबा पुढे धावले आणि साहेबांसमोर हात जोडून उभे राहिले.

"साहेब, पोट्टे येडे आहेत. त्याहीचं मनावर घेऊ नका. मी उभा आहे न. मी काही बसत नाही."

"उभं राहावंच लागतं, कडू!" साहेबांचा आवाज चढला. "मी तीन लग्नांत उभा राहिलो! सकाळपासून रात्रीपर्यंत! कुठंही टेकलो नाही! विचारा कुणालाही!"

"खरं आहे," बाबा लगेच म्हणाले. "तिन्ही लग्नांची बिछायत माहीच होती. मी साक्षी आहे. साहेब कुठंच टेकले नाहीत."

साहेब बाबांकडे पाहत राहिले.

"खोटं बोलता तुम्ही," ते हळूच म्हणाले.

"नाई साहेब. मी पाह्यलं न."

"खोटं बोलता." ते आमच्याकडे वळले, सगळ्या उभ्या मांडवाकडे, आणि त्यांचा तो खर्जातला आवाज पार बसलेला होता. "धाकटीच्या लग्नात हा माणूस मला हाताला धरून मांडवामागे घेऊन गेला. आचाऱ्याच्या भट्टीकडे. तिथे खुर्ची ठेवलेली होती. मला म्हणाला, टेका साहेब, मी हरेक लग्नात इथं एक खुर्ची ठेवतो, मुलीच्या बापासाठी. मी बसलो. बसलो आणि मला रडू फुटलं. पोरगी चालली होती, आणि सकाळपासून मला कुणी पाणी विचारलं नव्हतं. तर हा..." त्यांनी काठी बाबांकडे रोखली. "हा कनातीचा पडदा दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. माझं होईपर्यंत. कुणी पाहू नये म्हणून."

मी बाबांकडे पाहिलं. लहानपणापासून मी त्यांच्यासोबत मांडव घालायला जात होते. मांडवामागे ती एक खुर्ची मी कितीदा पाहिली असेल, आणि आचाऱ्याची म्हणून सोडून दिली असेल. बाबा खाली मान घालून फडक्याची घडी करत होते, चोरी पकडली गेल्यासारखे.

"कायले काढता साहेब ते," ते पुटपुटले. "आपल्या दोघांतलीच गोष्ट."

साहेबांनी नाक शिंकरलं. काठीने जवळची एक खुर्ची पुढे ओढली. "बसा, कडू."

"तुम्ही आधी, साहेब."

"मी म्हणतो बसा."

"असं कसं? तुम्ही मुलाकडचे."

"मग संगं बसू," साहेब म्हणाले आणि दुसरी खुर्ची तिच्या शेजारी लावली. "चला."

दोघं वाकले. बाबा अर्ध्यात थांबले, साहेब आधी टेकतात का ते पाहायला. साहेबही अर्ध्यात थांबले, कारण त्यांना माहीत होतं बाबा थांबणार. दोन म्हातारे हवेत तसेच, गुडघे वाकलेले, एकमेकांकडे तिरपे पाहतायत, आणि कुणी खाली जायला तयार नाही. शेवटी साहेबांच्या गुडघ्यांनीच निकाल दिला. ते धपकन बसले, आणि जाता जाता बाबांचा हात धरून त्यांनाही खाली ओढलं.

बाबा बसले! आधी कडेवर, हात गुडघ्यांवर, आत्ता उठायचंच आहे अशा बेताने. मग साहेबांनी त्यांच्या छातीवर हात ठेवून त्यांना मागे रेटलं, आणि त्यांची पाठ टेकली.

"बसलो!" इरफान माइकवर ओरडला. सगळा मांडव एकदम बसला. इतक्या खुर्च्या झाल्या होत्या की पाय पसरायला प्रत्येकाच्या वाट्याला दुसरी होती.

मी डोळे पुसले, पदर नीट केला. मावशीने ओटीची पिशवी पुन्हा उघडली. अंगठीची थाळी आली, भटजींनी सुरुवात केली. आत्या म्हणाली, "भाऊ, या वर, पोरीच्या डोक्यावर अक्षता टाका." भाऊ काही बोलेनात.

मी वळून पाहिलं. बाबा झोपले होते. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, आणि कूलरपेक्षा मोठा आवाज. तीन गावांचे मांडव आणि त्याआधीची सगळी वर्षं, पाठ टेकल्याबरोबर वसूल होत होती.

"अगं माय!" आत्याने कपाळावर हात मारला. "पोरीचं साक्षगंध अन बाप घोरून राह्यला! उठवा त्याले!"

ती बाबांचा खांदा हलवायला पुढे आली, तर मध्ये काठी आडवी झाली.

"खबरदार," धर्माळे साहेब म्हणाले. मग त्यांनी इरफानला हाताने खूण केली, गाणं बंद. भटजींना खूण केली, हळू. कूलरचं तोंड स्वतः उठून बाबांकडे वळवलं आणि परत येऊन शेजारी बसले.

माझं साक्षगंध असं कुजबुजत झालं. पुरूने अंगठी घातली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले. बाबांनी त्यातलं काहीही पाहिलं नाही. आजही अल्बम काढला की पुरू मुद्दाम ती पानं उघडतो. एकूण एक फोटोत माझे बाबा तोंड उघडं टाकून झोपलेले आहेत, आणि शेजारी माझे सासरे कॅमेऱ्याकडे डोळे वटारून, ओठांवर बोट ठेवून बसलेले आहेत.